नोकरीचा अर्ज: काय लिहावे, कोण वाचते, काय ठरते

सीव्ही कसा लिहावा याविषयी सल्ल्याची टंचाई कधीच नसते. कॉलेजचा प्लेसमेंट सेल एक नमुना देतो, चौकातला सायबर कॅफेवाला दुसरा, आणि कंपनीत एचआरला असलेली मावसबहीण दोन्ही खोडून तिसरा सांगते. फोटो लावा, फोटो काढा. एकच पान ठेवा, काही गाळू नका. कव्हर लेटर हवेच, ते कुणी उघडतही नाही. यातल्या कोणत्या सल्ल्यामागे अभ्यासाचा आधार आहे, कोणता नुसती सवय आहे आणि कशाचा निकाल अजून लागायचा आहे, हे एका जागी मांडावे म्हणून हा आढावा. सरकारी भरती यात घेतलेली नाही. तिथे ठरावीक ऑनलाइन अर्ज आणि परीक्षेचे गुण चालतात. उमेदवाराने स्वतःविषयी कसे लिहिले याने फारसे काही ठरत नाही. इथे विचार आहे तो खासगी कंपन्या, शिक्षणसंस्था, रुग्णालये आणि स्वयंसेवी संस्था यांच्याकडे जाणाऱ्या अर्जांचा.

पत्राकडून यादीकडे

लिओनार्दो द व्हिंचीने १४८२च्या सुमारास मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्यासाठी लिहिलेले पत्र हे अशा अर्जाचे सर्वांत प्रसिद्ध जुने उदाहरण. हलके, वाहून नेता येणारे पूल, वेढ्याच्या वेळी खंदकातले पाणी काढून घेण्याची युक्ती, तोफा, चिलखती गाड्या असे मुद्दे त्यात क्रमाने येतात, आणि वास्तुकला, शिल्प, चित्रकला अगदी शेवटी. स्फोर्झाला त्या वेळी युद्धाची साधने हवी होती. वाचणाऱ्याची गरज आधी आणि आपली आवड नंतर, हा क्रम आजही कुणी चुकीचा ठरवलेला नाही.

आपल्याकडे दोन पिढ्यांपूर्वी नोकरी मागायची म्हणजे पत्रच लिहायचे. ‘प्रति, मा. व्यवस्थापक’, मग विषय, मग ‘अमुक तारखेच्या दैनिकातील जाहिरातीच्या संदर्भात’, शेवटी ‘आपला विश्वासू’. सोबत राजपत्रित अधिकाऱ्याची सही-शिक्का घेतलेल्या सत्यप्रती जोडायच्या. १९५९च्या कायद्याने मालकांना रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणे बंधनकारक केले होते, त्यामुळे तिथे नाव नोंदवून कॉलची वाट पाहणे हा घरोघरचा अनुभव होता. त्या काळात पत्र हा मुख्य अर्ज होता आणि शिक्षणाची माहिती हे त्याचे जोडपत्र. आज सीव्ही मुख्य झाला आहे आणि पत्र त्याच्यामागे, पुष्कळदा ऐच्छिक. बायोडाटाच्या तळाशी ‘वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे’ असे प्रतिज्ञापन, ठिकाण, तारीख आणि सही अजूनही दिसते, ते त्या जुन्या अर्जाचेच उरलेले अंग आहे.

ही उलटापालट तंत्रज्ञानाने केली. १९९७ मध्ये संजीव बिखचंदानी यांनी नोकरी डॉट कॉम सुरू केले, २००३ मध्ये अमेरिकेत लिंक्डइन आले. टपालाशिवाय अर्ज जाऊ लागला, तेव्हा अर्जांची संख्या फुगली आणि एका अर्जावर वाचणाऱ्याची नजर ठरण्याचा वेळ घटला. पुढचे बहुतेक वाद याच एका बदलातून निघाले आहेत.

काय लिहावे: एकमत आणि मतभेद

काही गोष्टींवर वाद नाही. अलीकडचे काम आधी आणि जुने नंतर. चालू असलेला फोन नंबर आणि साधा ईमेल पत्ता. शुद्धलेखनाच्या चुका नकोत. अर्ज ज्या पदासाठी आहे त्याच्याशी संबंधित माहिती पहिल्या अर्ध्या पानात. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, काय जबाबदारी होती यापेक्षा काय केले ते लिहावे. चाकणच्या एखाद्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात अकाउंट्स असिस्टंट असलेल्या मुलीने ‘अकाउंट्सची सर्व कामे पाहिली’ असे लिहिले तर काहीच कळत नाही. ‘दरमहा सुमारे ३०० खरेदी बिलांची टॅलीत नोंद, पुरवठादारांच्या खात्यांचा ताळमेळ, जीएसटी रिटर्नसाठी आकडे तयार करणे’ असे लिहिले की कामाचा आवाका समोर येतो. नर्सने किती खाटांच्या अतिदक्षता विभागात काम केले, शिक्षकाने कोणत्या इयत्तांना कोणता विषय शिकवला, सीएनसी ऑपरेटरने कोणत्या कंट्रोलवर आणि कोणत्या धातूवर काम केले, हे लिहायला प्रत्येकी एक ओळ लागते.

मतभेद सुरू होतो तो आकड्यांवर. प्रत्येक वाक्यात टक्केवारी हवी असा एक पक्ष आहे. दुसरा म्हणतो, कनिष्ठ पदावरच्या माणसाला उत्पादकता किती टक्क्यांनी वाढली हे मोजताच येत नाही, मग आकडे रचले जातात. मला दुसऱ्या पक्षाची काळजी रास्त वाटते, पण उपाय आकडे टाळण्यात नाही. मुलाखतीत ‘हा आकडा कसा काढला?’ असे विचारल्यावर जो शांतपणे समजावून सांगता येईल तो लिहावा. बिलांची, रुग्णांची, विद्यार्थ्यांची संख्या प्रत्येकाला ठाऊक असते, टक्के क्वचितच.

लांबीचा वाद त्या मानाने किरकोळ आहे. कॅम्पस प्लेसमेंटला एक पान, काही वर्षांच्या अनुभवानंतर दोन, आणि प्राध्यापक किंवा संशोधकाच्या सीव्हीला शोधनिबंधांची यादी असल्याने मर्यादा जवळपास नाही. रिक्रूटर सीव्ही फक्त सहा सेकंद पाहतात, हे वाक्य मात्र तपासून घ्यावे असे आहे. ते अमेरिकेतल्या ‘द लॅडर्स’ या नोकरीविषयक कंपनीच्या २०१२च्या नेत्र-मागोवा अभ्यासातून आले. त्यात ३० रिक्रूटर होते. २०१८ मध्ये त्याच कंपनीने हा आकडा ७.४ सेकंद सांगितला. पहिली नजर ओझरती असते एवढा अर्थ त्यातून घ्यावा. उमेदवारांना सेवा विकणाऱ्या कंपनीने छोट्या गटावर केलेली पाहणी नाशिकच्या कारखान्याला किंवा साताऱ्याच्या रुग्णालयाला जशीच्या तशी लागू होत नाही.

व्यक्तिगत माहितीवर भूमिका खरोखर वेगळ्या आहेत. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये फोटो, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती लिहीत नाहीत. जर्मनीत फोटोची परंपरा मोठी होती. २००६च्या समान वागणूक कायद्यानंतर ती सैल होत आहे. आपल्याकडे वडिलांचे नाव, धर्म, लग्न झाले की नाही, कायमचा पत्ता हे सारे लग्नाच्या बायोडाटात असते तसेच नोकरीच्याही बायोडाटात उतरत आले. मोठ्या कंपन्यांचे एचआर हे काढायला सांगतात. अनेक शिक्षणसंस्था, आणि विशेषतः आरक्षित जागा असलेल्या संस्था, काही तपशील स्वतःच मागतात. त्यामुळे सरसकट नियम सांगता येत नाही. मागितले असेल तेवढे द्यावे, आणि न मागता देऊ नये. आधार किंवा पॅन क्रमांक तर सीव्हीवर कधीच नको. व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा देशात २०२३ मध्ये झाला, तरी एकदा वीस जणांना पाठवलेली पीडीएफ परत गोळा करता येत नाही.

महाराष्ट्रातल्या उमेदवाराला आणखी एक अडचण येते, ती नावाच्या क्रमाची. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. परदेशी कंपनीच्या फॉर्ममध्ये पहिले नाव आणि शेवटचे नाव एवढ्याच दोन चौकटी. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांची कागदपत्रे तर दोन नावांत विभागलेली असतात. सीव्हीवर एकच रूप ठरवून सर्वत्र तेच वापरणे आणि प्रमाणपत्रावरचे वेगळे नाव एका ओळीत नोंदवणे, एवढ्याने पुढचा बराच पत्रव्यवहार वाचतो.

नावावरून काय ठरते

या क्षेत्रात सर्वांत भक्कम पुरावा आहे तो एका अप्रिय गोष्टीचा. सीव्ही सारखाच असेल तरी नाव बदलले की उत्तर बदलते. २००४ मध्ये मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लयनाथन यांनी बॉस्टन आणि शिकागो येथील जाहिरातींना सुमारे ५,००० बनावट सीव्ही पाठवून केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. गोऱ्यांची वाटणारी नावे असलेल्यांना कृष्णवर्णीयांची वाटणाऱ्या नावांपेक्षा जवळपास ५० टक्के जास्त बोलावणी आली.

भारतातला तसा पहिला मोठा अभ्यास अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांचा. तो २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. वर्तमानपत्रांतील खासगी क्षेत्राच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, नावे वेगळी. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश. २००९ मध्ये अभिजित बॅनर्जी, बर्ट्रांड, सौगतो दत्ता आणि मुल्लयनाथन यांनी दिल्ली परिसरातल्या सॉफ्टवेअर आणि कॉल सेंटरच्या ३७१ जागांसाठी ३,१६० अर्ज पाठवले, तेव्हा चित्र वेगळे दिसले. सॉफ्टवेअरच्या जागांत जातीवरून फरक आढळला नाही. कॉल सेंटरच्या जागांत काही गटांबाबत आढळला. दोन्ही निष्कर्ष एकमेकांना खोटे पाडत नाहीत. क्षेत्र, शहर, माणसांची टंचाई किती आहे आणि कामात ‘बोलण्या-वागण्याला’ किती महत्त्व दिले जाते, यांवर भेदभावाचे प्रमाण बदलत असावे, असे त्यातून दिसते. महाराष्ट्रात आडनाव पुष्कळ काही सांगून जाते आणि पत्त्यातले वस्तीचे नाव उरलेले सांगते, म्हणून हे अभ्यास इथे दूरचे वाटत नाहीत. पत्त्याऐवजी नुसते शहर लिहिण्याचा सल्ला मी याच कारणाने मानतो.

मग नावच झाकावे का? फ्रान्सने २००६ मध्ये निनावी सीव्हीची कायद्यात तरतूद केली. पण अंमलबजावणीचे नियम झालेच नाहीत. त्या दरम्यान झालेल्या प्रयोगात अपेक्षेच्या उलट निकाल आला. सहभागी कंपन्यांमध्ये नावे झाकल्यावर स्थलांतरित पार्श्वभूमीच्या उमेदवारांना मुलाखती कमी मिळाल्या. स्वतःहून सहभागी झालेल्या कंपन्या मुळातच समावेशक असाव्यात, आणि नाव-पत्ता दिसत असताना त्या सीव्हीतल्या उणिवा समजून घेत असाव्यात, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. २०१५ मध्ये फ्रान्सने ही तरतूद ऐच्छिक केली. निनावी अर्जाच्या बाजूचे अभ्यासक म्हणतात की स्वतःहून सहभागी झालेल्या कंपन्यांवरून सर्वांविषयी निष्कर्ष काढता येत नाही. विरोधक म्हणतात की भेदभाव मुलाखतीपर्यंत पुढे ढकलला जातो, एवढेच. हा वाद मिटलेला नाही.

यंत्र वाचते तेव्हा

मोठ्या कंपन्यांकडे आणि जॉब पोर्टलांवर अर्ज आधी सॉफ्टवेअरमध्ये जातो. ते मजकूर वेगळा काढते, पदनाम, वर्षे, कौशल्ये अशा रकान्यांत भरते, आणि रिक्रूटर त्यात शोध घेतो. दोन रकान्यांची मांडणी, मजकुराच्या चौकटी, चित्रात बसवलेला फोन नंबर, कौशल्ये दाखवणारे तारे किंवा पट्ट्या यांनी हे काम बिघडू शकते. मराठीत अर्ज करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य अक्षरांचा ढीग होतो, युनिकोडच वापरावे.

यंत्राविषयी भीती मात्र वस्तुस्थितीपेक्षा मोठी झाली आहे. ७५ टक्के सीव्ही माणसाने पाहण्याआधीच बाद होतात हे वाक्य सर्वत्र फिरते, पण त्यामागे तपासता येईल असा प्रसिद्ध अभ्यास नाही. पुष्कळ ठिकाणी यंत्र बाद करत नाही, फक्त क्रम लावते. शंभराव्या क्रमांकापर्यंत वाचणारा पोहोचत नाही, इतकेच. उलट बाजूची चिंताही खोटी नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि अ‍ॅक्सेंचर यांच्या २०२१च्या अहवालात ८८ टक्के मालकांनी मान्य केले की कुशल, पात्र उमेदवार नुसते निकषांत तंतोतंत न बसल्याने गाळले जातात. यंत्र तरी निष्पक्ष असेल ही आशा अ‍ॅमेझॉनच्या प्रकरणाने कमी केली. जुन्या, मुख्यतः पुरुषांच्या सीव्हींवर शिकवलेली त्यांची प्रणाली ‘महिलांचा’ असा उल्लेख असलेल्या सीव्हींना गुण कमी देऊ लागली होती, असे रॉयटर्सने २०१८ मध्ये उघड केले. कंपनीने ती सोडून दिली होती. न्यूयॉर्क शहरात अशा साधनांची पक्षपात-तपासणी २०२३पासून बंधनकारक आहे आणि युरोपीय संघाच्या २०२४च्या कायद्याने भरतीसाठीचे एआय उच्च जोखमीच्या गटात घातले.

उमेदवाराच्या हाती यातले थोडेच आहे. जाहिरातीत जे शब्द आहेत ते, खरे असतील तर, तसेच वापरावेत. पांढऱ्या अक्षरांत लपवलेले कीवर्ड ही फसवणूक आहे आणि मजकूर वेगळा काढला की ती उघडी पडते.

कव्हर लेटर: कुणासाठी?

एक पक्ष म्हणतो पत्र संपले. पोर्टलवरून एका क्लिकने जाणाऱ्या अर्जात त्याला जागाच नाही, आणि रेफरलने आलेल्या उमेदवाराला त्याची गरज नाही. दुसरा पक्ष स्वयंसेवी संस्था, प्रकाशन, पत्रकारिता, अध्यापन, फेलोशिप आणि परदेशी विद्यापीठांकडे बोट दाखवतो. तिथे पत्र वाचले जाते, कारण लिहिणे हाच कामाचा भाग असतो. मालक स्वतः ईमेल उघडतो अशा लहान उद्योगातही चार ओळींचे नीट पत्र वाचले जाते. दोन्ही पक्ष आपापल्या बाजारापुरते बरोबर आहेत.

पत्रात काय असावे यावर अभ्यास कमी आणि अनुभव जास्त आहे. सीव्हीची पुनरावृत्ती नको. हेच काम का, याच संस्थेत का, आणि जाहिरातीतल्या मुख्य गरजेला उत्तर देणारे आपण केलेले एक काम कोणते, हे तीन परिच्छेदांत मावते. मराठी अर्जात एक सूर वारंवार येतो: घरची परिस्थिती हलाखीची असून नोकरीची नितांत गरज आहे, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. ती गरज खरी असते आणि ती सांगण्यात कमीपणा नाही. पण वाचणारा शोधत असतो ते काम करता येते का, आणि त्याच पत्रात त्याचे उत्तर राहून जाते. त्याच माणसाने शिकताना रात्रपाळी केली, पेट्रोल पंपाचा हिशेब सांभाळला, हे लिहिले तर परिस्थितीही कळते आणि कुवतही.

एआयने हा प्रश्न नव्याने उघडला. २०२३च्या एका अभ्यासात ऑनलाइन कामाच्या बाजारपेठेतील सुमारे ४,८०,००० नवोदितांपैकी काहींना सीव्हीचे लेखन सुधारून देणारे साधन दिले गेले. त्यांना काम मिळण्याचे प्रमाण ८ टक्क्यांनी वाढले आणि मालक नाराज झाल्याचे दिसले नाही. भाषा अडसर असलेल्यांना, म्हणजे मराठी माध्यमातून आलेल्या आणि इंग्रजीत अर्ज करणाऱ्या मुलांना, यात मोठा दिलासा आहे. पण पत्राबाबत २०२५ मध्ये पुढे आलेले अभ्यास वेगळी दिशा दाखवतात. नेटके, त्या कामासाठी खास लिहिलेले पत्र पूर्वी उमेदवाराची मेहनत दाखवायचे. सगळ्यांचीच पत्रे नेटकी झाल्यावर मालकांनी त्याला दिलेले वजन घटले. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात, आणि त्यांतला कोणता आपल्या बाजारात वरचढ ठरेल हे ठरलेले नाही.

कोरी राहणारी जागा

सल्ल्याच्या बहुतेक पुस्तकांत एक वाचक नसतो: ज्याला ‘अनुभव’ या रकान्यात काय लिहावे हे कळत नाही तो. चार वर्षे घरचे किराणा दुकान चालवलेला मुलगा तिथे ‘निरंक’ लिहितो. डेअरीवर दूध संकलनाची वही ठेवणारी, बचत गटाचे बँकेचे व्यवहार बघणारी बाई ‘गृहिणी’ लिहिते. साठा, उधारी, नोंदी, वसुली ही सगळी कामे आहेत, आणि तारीख-वर्षासह लिहिता येतात. ती कशी लिहायची हे शिकवण्यात आपली महाविद्यालये आणि आयटीआय कमी पडतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोकरीतला खंड हा त्याचाच शेजारी प्रश्न. वर उल्लेखलेल्या २०२१च्या अहवालात सुमारे निम्म्या कंपन्या सहा महिन्यांहून मोठा खंड दिसला की अर्ज गाळतात असे आढळले. मातृत्वाचा उल्लेख असलेल्या स्त्रियांना कमी बोलावणी येतात हे शेली कॉरेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत २००७ मध्ये दाखवले. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या ९,०००हून अधिक अर्जांच्या प्रयोगात एक साधा उपाय उपयोगी ठरला. ‘२०१२ ते २०१६’ असे न लिहिता ‘चार वर्षे’ असे लिहिले तर खंड असलेल्यांना बोलावणी वाढली. काही एचआर याला लपवाछपवी मानतात आणि तारखा मागतात. मागितल्यावर त्या सरळ सांगाव्यात. पहिल्या कागदावर काम किती केले ते दिसणे अप्रामाणिक नाही.

लिहायला शिकवून फरक पडतो का? अदिस अबाबात झालेल्या एका प्रयोगात तरुणांना सीव्ही, पत्र, मुलाखत यांचे मार्गदर्शन आणि कौशल्याचे प्रमाणपत्र असे एकत्र दिले. चार वर्षांनी त्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे २० टक्के जास्त होती. यातला वाटा प्रमाणपत्राचा किती आणि सीव्हीचा किती, हे वेगळे काढता आलेले नाही. दक्षिण आफ्रिकेत जुन्या मालकाचे शिफारसपत्र जोडल्याने बोलावणी ठळकपणे वाढली. आपल्याकडे दुकानदार, ठेकेदार, डेअरीचे सचिव अशी पत्रे देऊ शकतात; मागितली मात्र जात नाहीत.

सीव्हीवरून माणूस कळतो का?

फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या संशोधनाचा मेळ घातला. शिक्षणाची वर्षे आणि अनुभवाची वर्षे, म्हणजे सीव्हीत सर्वांत ठळक दिसणाऱ्या दोन गोष्टी, पुढे काम कसे होईल याचा अंदाज द्यायला कमकुवत निघाल्या. कामाचा नमुना करून घेणे आणि ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत कितीतरी सरस ठरली. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ही गणिते पुन्हा तपासली, बरेचसे आकडे खाली आले, आणि ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत यादीत सर्वांत वर गेली. अनुभवाच्या वर्षांचे स्थान तळाशीच राहिले.

यातून काही कंपन्या पदवीची अट सैल करून कामाची चाचणी घेऊ लागल्या आहेत. डिझाइन, कोडिंग, भाषांतर, अकाउंट्स या क्षेत्रांत ‘असाइनमेंट’ आता नेहमीची झाली आहे. समर्थकांच्या मते नाव, आडनाव, कॉलेज यांपेक्षा काम बोलते. आक्षेप वेळेचा आणि मोबदल्याचा आहे. दोन-दोन दिवसांच्या असाइनमेंटचे पैसे क्वचितच मिळतात, आणि दिवसाची नोकरी सांभाळून, घरी मुले किंवा आजारी माणूस असताना, चार ठिकाणच्या चाचण्या सोडवणे सगळ्यांना जमत नाही. चाचणी तासा-दीड तासात बसवावी, त्याहून मोठी असेल तर तिचे पैसे द्यावेत, अशी मागणी आता होऊ लागली आहे. ती कोण मान्य करतो, यावर सीव्हीची जागा किती घटेल हे अवलंबून राहील.